बाळाचं पोट मोठं, नजर ठरत नाही, रक्त टिकत नाही : ऑस्टिओपेट्रोसिसबद्दल अनुभव आणि माहिती हवी आहे

बोरीकाठ
नमस्कार. मी अमळनेरची, शाळेत शिकवते. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला ऑस्टिओपेट्रोसिस असल्याचं नुकतंच कळलं. बाळ आठ महिन्यांचं आहे. हाडं प्रमाणाबाहेर घट्ट होत जाण्याचा हा जन्मजात, आनुवंशिक आजार. खान्देशात कुणाच्या घरात हे झालं असेल तर त्यांनी कृपया लिहावं. आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचावं, कारण बाळाची लक्षणं इतकी रोजच्या ओळखीची होती की प्रत्येकाने त्यांना वेगळंच नाव दिलं.

जन्मापासून नाक चोंदलेलं. ती सर्दी ठरली. तिसऱ्या महिन्यात बाळ पांढरं पडलं, दूध ओढताना दमायला लागलं. रक्त कमी म्हणून आयर्नचे थेंब सुरू झाले. मग पोट वाढलं. डाव्या कुशीत हात लावला तर पांथरी हाताला लागायची. बहिणीचं सासर शिरपूर तालुक्यात. त्या पट्ट्यात पांथरी मोठी आणि रक्त कमी असलेलं मूल आलं की आधी सिकलसेल तपासतात, आणि ते योग्यच आहे. ते नाही निघालं. मलेरिया नाही, थॅलेसेमिया नाही. रक्त चढवलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा खाली. त्याच काळात बाळ खुळखुळ्याकडे बघेना. डोळे इकडून तिकडे फिरत राहायचे. सासूबाईंनी दृष्ट काढली, कानबाईला नवस बोलून झाला. एका दवाखान्यात सांगितलं, काही मुलांची नजर उशिरा ठरते, थांबा.

न्यूमोनिया झाला म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा फुप्फुसांपेक्षा बरगड्याच नजरेत भरल्या. सगळी हाडं एकसारखी पांढरीफटक. तो फोटो घेऊन धुळ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हातापायांचे आणि डोक्याचे फोटो काढायला लावले आणि त्याच संध्याकाळी आजाराचं नाव सांगितलं.

मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय. हा आजार साध्या एक्स-रेत दिसतो. तालुक्याच्या गावी निघणाऱ्या एक्स-रेत. जनुकांच्या तपासण्या नंतरच्या. रक्त कमी, पांथरी मोठी आणि नजर ठरत नाही, या तीन गोष्टी एका बाळात एकत्र दिसल्या तर हाडांचा फोटो काढायला सांगा. वाट बघण्यात डोळे जातात.

प्रश्न दोन. बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा एकच खरा उपाय आहे असं सांगितलंय. तो कुणी करून घेतलाय का? आणि बाळाला कॅल्शियम द्यावं की बंद करावं? दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या.

केळीबाग_रावेर
ताई, वाचून जीव कळवळला. बाळाला आराम पडो.
एक अडाणी शंका विचारतो, राग मानू नका. हाडं घट्ट म्हणजे मजबूतच ना? आपण तर म्हातारपणी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या खातो. मग घट्ट हाडाने रक्त का कमी व्हावं, डोळे का जावेत? आणि आमच्याकडे सगळे बोअरचं पाणी पितात. पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं घट्ट होतात असं ऐकलंय, त्यातला तर हा प्रकार नाही ना?

बालरोग_धुळे
शंका अडाणी मुळीच नाही, सगळा आजार तिच्यातच आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण बोरीकाठ ताईंचं बाळ मी तपासलेलं नाही. इथे फक्त समज देतो, उपचार तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच.

हाड हे एकदा घडलं आणि संपलं असं नसतं. शरीरात एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवत असतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी तिथे नवं बांधत असतात. विरघळवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या हाडाला चिकटून बसतात, खाली आम्ल सोडतात, आम्लाने खनिज विरघळतं आणि उरलेला भाग एन्झाइम खातं. या आजारात या पेशी एकतर तयार होत नाहीत किंवा असूनही त्यांना आम्ल सोडता येत नाही. बांधकाम चालू, पाडकाम बंद. लहान मुलांच्या गंभीर प्रकारात जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये टीसीआयआरजी-१ या जनुकात दोष सापडतो. आम्ल बाहेर टाकणाऱ्या पंपाचा एक भाग तो जनुक बनवतो.

आता रक्ताचं. रक्त हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, तयार होतं. पोकळीच भरून गेली तर मगजाला जागा उरत नाही. मग यकृत आणि पांथरी ते काम अंगावर घेतात, म्हणून पोट वाढतं. तरी पुरं पडत नाही. लाल पेशी कमी, प्लेटलेट कमी, संसर्ग वारंवार. आयर्न देऊन यात फरक पडत नाही, कारण कमतरता लोहाची नाही, जागेची आहे.

डोळ्यांचंही तसंच. डोळ्याची नस कवटीच्या हाडातल्या एका अरुंद वाटेने मेंदूकडे जाते. ती वाट आवळत गेली की नस दबते. कानाची आणि चेहऱ्याची नसही अशीच दबू शकते. नाकाच्या मागची वाट अरुंद होते, म्हणून नाक चोंदतं. काही मुलांच्या डोक्यात पाणी साठतं, डोकं मोठं दिसतं, कपाळ पुढे येतं. दात उशिरा येतात.

अशी घट्ट हाडं मजबूत नसतात, सहज मोडतात. त्याचं कारण असं की जुनं हाड काढून ताणाच्या दिशेने नवं बांधणं ही हाडाची रोजची दुरुस्ती असते. ती थांबली की हाड जड होतं, पण कडक आणि ठिसूळ राहतं.

फ्लोराइडबद्दल. फ्लोरोसिसमध्ये एक्स-रेत हाडं दाट दिसतात हे खरं. पण तो वर्षानुवर्षं तसं पाणी पिणाऱ्यांचा आजार आहे. कण्याचे सांधे जखडतात, दातांवर डाग येतात. तान्ह्या बाळाला पाण्यामुळे हे होत नाही.

कॅल्शियमचं उत्तर जरा लांब आहे, कारण इथे शरीर उलटं वागतं. हाडांत कॅल्शियम कोंडलेलं असतं, पण ते रक्तात परत येत नाही. त्यामुळे नवजात बाळांना रक्तातलं कॅल्शियम घटून झटकेही येऊ शकतात. काही बाळांना तर घट्ट हाडांबरोबर मुडदूसही होतो. अशा वेळी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मोजून द्यावं लागतं. दुसऱ्या बाजूने, गरज नसताना भरमसाट दिलं तर हाडांत भरच पडते. म्हणून दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व तपासून एकाच डॉक्टरांनी मात्रा ठरवावी. मनाने सुरूही करू नका, बंदही करू नका.

जिभाऊ_शिंदखेडा
डॉक्टरसाहेबांनी सांगितलं ते मला धाब्याच्या घरावरून समजलं. धाब्यावर नवी माती टाकायच्या आधी जुनी खरवडून काढावी लागते. जो जुनी न काढता दरसाल नुसता थर चढवत जातो, त्याचं धाबं जाड होतं पण पक्कं होत नाही, खालची खोली दबते आणि एके पावसाळ्यात सऱ्या मोडतात. बाळाच्या हाडाचं तेच झालं म्हणायचं.
बोरीकाठ ताई, पैशाला अडचण पडली तर सांगा. आपण इथली माणसं आहोत.

एक्सरे_जळगाव
मी एक्स-रे टेक्निशियन आहे. आमच्या बाजूचं थोडं लिहितो.

असं मूल आलं की पहिला फोटो बघून आम्हाला वाटतं एक्स्पोजर कमी पडलं. वाढवून पुन्हा काढतो. तरी हाड पांढरंच. साध्या फोटोत लांब हाडाची बाहेरची भिंत पांढरी आणि मधली पोकळी करडी, असा फरक दिसतो. यात तो फरकच दिसत नाही. मांडीचं हाड गुडघ्याकडे निमुळतं व्हायचं ते फुगीर राहतं. बोटांच्या आणि कमरेच्या हाडांत कधी हाडाच्या आत दुसरं छोटं हाड काढल्यासारखी रेघ दिसते. हा आजार असलेल्या मोठ्या माणसांत मणक्याचा वरचा-खालचा भाग पांढरा आणि मधला पट्टा करडा असतो. माझी टेक्निशियन मित्रांना विनंती आहे, लहान मुलाचा छातीचा फोटो न्यूमोनियासाठी काढला असला तरी बरगड्या आणि खांद्याची हाडं बघा. काही वेगळं वाटलं तर फोटो पाकिटात घालून देऊन मोकळं होऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

हा आजार पहिल्यांदा नोंदवला तोही एक्स-रेच्या माणसानेच. हॅम्बुर्गचे आल्बर्स-शोनबर्ग, साल १९०४. राँटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये, म्हणजे तंत्र जेमतेम नऊ वर्षांचं होतं. त्या काळी किरणांपासून बचाव करायची रीत नव्हती. किरणांनीच त्यांचा एक हात काढावा लागला आणि १९२१ मध्ये ते गेले. हॅम्बुर्गमध्ये क्ष-किरणांच्या कामात जीव गेलेल्यांचं स्मारक आहे, त्यावर त्यांचं नाव आहे. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

भुसावळ_यार्ड
मी पहिल्यांदाच इथे लिहितोय. मला हाच आजार आहे, पण मोठ्या माणसांचा प्रकार. वय ४१, रेल्वेत नोकरी.

लहानपणी काही कळलं नाही. शाळेत दोनदा हात मोडला, सगळ्यांची मोडतात तशी माझीही मोडली असं घरचे म्हणायचे. तिशीत प्लॅटफॉर्मवरून घसरलो, साधंसं पडणं, आणि मांडी मोडली. ऑपरेशनला सर्जन वैतागले. ड्रिल आत जाईना, बिट तापून बोथट व्हायचे, स्क्रू धरत नव्हते. दोन तासांचं काम पाच तास चाललं. नंतर हाड जुळायलाही फार वेळ लागला. तेव्हा निदान झालं. मग वडिलांचा फोटो काढला तर त्यांनाही तेच. त्यांना साठाव्या वर्षापर्यंत कंबरदुखीपलीकडे काही नव्हतं.

आमचा प्रकार वेगळा वारसा घेऊन येतो. आई किंवा वडील, एकाकडून दोष आला तरी पुरतो, आणि पुढच्या प्रत्येक मुलाला तो जायची शक्यता निम्मी. जनुक सीएलसीएन-७. माझ्या धाकट्या भावात नाही, माझ्या मुलीत आहे. ती शाळेत जाते, खेळते, डोळे-कान दर वर्षी तपासतो. आमच्यात मॅरो बदलत नाहीत, जपून राहायचं असतं.

या प्रकारच्या लोकांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. दात काढायच्या आधी डेंटिस्टला हा आजार सांगा. माझी एक दाढ काढली आणि जबड्याच्या हाडात पू झाला. दाट हाडात रक्तपुरवठा कमी, औषध आत पोचत नाही, संसर्ग चिवटपणे राहतो. वर्षभर त्रास काढला. आता दात दुखायच्या आधीच दाखवतो. आणि कुठलंही ऑपरेशन असो, एक्स-रे हातात घेऊन जातो, म्हणजे सर्जनला तयारीने येता येतं.

बोरीकाठ
भुसावळ_यार्ड भाऊ, तुम्ही लिहिलंत त्याचे आभार कसे मानू. हाच आजार घेऊन कुणी नोकरी-संसार करतंय हे बहिणीला वाचून दाखवलं. आमच्या बाळाचा प्रकार तुमच्यासारखा नाही हे मी तिला सांगितलंय, खोटी आशा लावलेली नाही. तरी ती खूप दिवसांनी नीट जेवली.

सातपुडा_सिस्टर
मी धडगाव भागात नर्स आहे. बोरीकाठ ताईंनी पांथरीचं लिहिलं ते अगदी आमच्याकडचं. इथे सिकलसेल इतका आहे की पांढरं पडलेलं मूल बघितलं की हात आपोआप त्याच तपासणीकडे जातो. २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम चालू झाली, तपासणी वाढली, कार्डं मिळतात, हे फार चांगलं झालं. पण तपासणी निगेटिव्ह आली की पुष्कळदा फाइल तिथेच थांबते. सिकलसेल नाही, मग काय आहे, हा पुढचा प्रश्न विचारायला कुणीतरी हवं.

त्यासाठी शाळा-अंगणवाडी तपासणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक आहे. जन्मजात आजार शोधणं हेच त्यांचं काम. ते मूल जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र निदान केंद्राकडे पाठवू शकतात. चिठ्ठी सरकारी असली की पुढे मुंबईला कागद हलायला सोपं जातं. आमच्याकडचे बरेच लोक सुरतला जातात, रेल्वे जवळ पडते म्हणून. उपचाराला कुठेही जा, पण महाराष्ट्रातल्या योजनांचे कागद इथूनच चालू करा.

अंगणवाडीताई आणि आशाताईंना एक सांगेन. दीड-दोन महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघून हसलं पाहिजे, तीन महिन्यांत हलत्या वस्तूमागे नजर गेली पाहिजे. नाही गेली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. "ठरेल हळूहळू" म्हणू नका.

भडगावची_आई
मी ट्रान्सप्लांट केलेल्या मुलीची आई आहे. आज ती सहा वर्षांची आहे. सगळं खरं लिहिते, गोड करून लिहीत नाही.

तिचं निदान पाचव्या महिन्यात झालं. तोवर एका डोळ्याची नजर गेली होती, दुसऱ्याची थोडी होती. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की ट्रान्सप्लांटने गेलेली नजर सहसा परत येत नाही, उरलेली वाचवायची आहे. म्हणून घाई. हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण त्यामुळेच आम्ही शेत गहाण ठेवायचं की नाही यावर भांडत बसलो नाही.

आधी एचएलए जुळवणी होते, म्हणजे दात्याच्या आणि बाळाच्या पेशी किती जुळतात ते रक्तातून बघतात. तिचा मोठा भाऊ पूर्ण जुळला. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, आम्हाला देवाने दिलं. नाही जुळलं तर आई-वडिलांचं अर्धं जुळणारं वापरूनही आता करतात. भाऊ स्वतः दोषाचा वाहक निघाला होता, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही. आम्ही घाबरलो, पण वाहक चालतो, त्याच्या पेशी काम करत असतात.

मग केमो देऊन तिचा जुना मगज मोकळा केला. त्यानंतर भावाच्या पेशी, दिसायला साध्या रक्ताच्या पिशवीसारख्याच, शिरेतून चढवल्या. काचेच्या खोलीत मी आणि ती. तोंड आलं, ताप आला, यकृताला सूज आली. एक रात्र अशी गेली की डॉक्टर खुर्ची टाकून बसून होते. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या.

पुढे एक गोष्ट झाली जी आम्हाला कुणी आधी सांगितली नसती तर धडकीच भरली असती. नव्या पेशी कामाला लागल्या, कोंडलेलं हाड विरघळायला लागलं आणि रक्तातलं कॅल्शियम वर चढलं. इतके दिवस कमी म्हणून भीती, आता जास्त म्हणून. सलाइन आणि औषधांनी आणलं खाली. डॉक्टर मात्र खूश होते. म्हणाले, पेशी काम करतात याची ही खूण आहे.

आज तिचं हिमोग्लोबिन आपलं आपण टिकतं. पांथरी आत गेली. दर वर्षीच्या एक्स-रेत हाडांत पोकळी दिसायला लागली आहे. एका डोळ्याला दिसतं, त्यावर चष्मा लावून ती मोठ्या अक्षरांची पुस्तकं वाचते. आमच्याच वॉर्डात शेजारच्या खोलीतलं बाळ मात्र वाचलं नाही, हेही लिहिते.

सोनगीरकर
ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खर्च कसा उभा केलात?

भडगावची_आई
शेत गहाण ठेवावं लागलं नाही, थोडं सोनं मोडलं. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ चं आहे. त्यात ऑस्टिओपेट्रोसिस पहिल्या गटात आहे, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार. आधी मदतीची मर्यादा २० लाख होती, २०२२ मध्ये ती ५० लाखांपर्यंत नेली. त्यासाठी ठरावीक केंद्रांत नाव नोंदवावं लागतं. महाराष्ट्रात ते केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय, परळ. पैसे आपल्या हातात येत नाहीत, रुग्णालयाकडे जातात. केईएममध्ये जनुकीय आजारांच्या विभागात जा आणि वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टचे अर्ज तेच भरून घेतात.

बरोबर न्या : सगळे एक्स-रे (फोटोचे फोटो नको, मूळ फिल्म किंवा सीडी), रक्ताचे सगळे जुने रिपोर्ट, बाळाचा जन्मदाखला, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, आजच अर्ज टाका.

स्पष्ट_बोलतो
वाईट वाटू नये, पण मूळ कारण कुणी लिहीत नाही. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत. नात्यात लग्नं करायची आणि मग दवाखाने हिंडायचे. ताई, तुमच्या बहिणीचं लग्न नात्यात आहे का?

बोरीकाठ
हो. माझे मेहुणे आमचे आतेभाऊच. लग्न ठरवलं मोठ्यांनी, कौतुकाने ठरवलं. पण गेल्या महिन्यापासून घरात जो येतो तो हेच बोलतो, आणि बोलतो ते माझ्या बहिणीकडे बघून. "तुझ्या अंगात दोष." मेहुण्यांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. म्हणून डॉक्टर, तुम्ही यावर स्पष्ट लिहाल का? मी ते छापून घरी भिंतीवर लावणार आहे.

बालरोग_धुळे
लिहितो.

या गंभीर प्रकारात दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. एकाकडून आला तर मूल निरोगी असतं, फक्त वाहक. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजारी मुलाची शक्यता चारात एक, वाहक मुलाची चारात दोन, पूर्ण मोकळ्या मुलाची चारात एक. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, दर वेळी हिशेब नव्याने. वडिलांचा दोषी जनुक नसता तर हे बाळ आजारी झालंच नसतं. आईचा नसता तरीही नाही. दोघांचा वाटा अगदी सारखा आहे, आणि गुन्हा दोघांचाही नाही.

नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो, कारण आजी-आजोबांकडून तोच दोष दोन्ही बाजूंना उतरलेला असू शकतो. गाव आणि जात लहान असली तर नातं नसलेल्या घरांतही हे होतं. जगभरात हा प्रकार साधारण अडीच लाख जन्मांत एक इतका विरळ आहे. नात्यातली लग्नं जिथे चालतात तिथे जास्त. स्पष्ट_बोलतो यांनी लग्न ठरवण्याआधी हे जरूर बोलावं. लग्न झालेल्या, आजारी बाळ मांडीवर असलेल्या बाईला बोलून काय मिळणार?

आता सगळ्यात उपयोगाचं. बाळाची जनुकीय तपासणी करून दोष नेमका कुठे आहे ते शोधून ठेवा. त्याची तीन कामं आहेत.

पहिलं, पुढच्या गर्भारपणात ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन बाळाला आजार आहे का ते सांगता येतं. पण कुटुंबातला दोष आधी माहीत असेल तरच. म्हणून तो रिपोर्ट दागिन्यासारखा जपायचा.

दुसरं, ट्रान्सप्लांट करायचं की नाही हे त्यावर ठरतं. ओएसटीएम-१ या जनुकाच्या दोषात आणि सीएलसीएन-७ च्या काही गंभीर प्रकारांत मेंदूलाही आतून इजा होत असते, ती मॅरो बदलून थांबत नाही. आणखी एका फार विरळ प्रकारात ऑस्टिओक्लास्टना तयार व्हायचा निरोपच मिळत नाही. निरोप देणाऱ्या पेशी मगजातून येत नसल्याने तिथेही उपयोग नाही.

तिसरं, काका, आत्या, मामा वाहक आहेत का ते तपासता येतं.

भडगावच्या ताईंनी लिहिलेल्या गोष्टीमागचं कारणही सांगतो, मला ते फार मोलाचं वाटतं. १९८० मध्ये अमेरिकेतून एक अहवाल आला. पाच महिन्यांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला होता. नंतर तिच्या हाडात पाहिलं तर हाड विरघळवणाऱ्या पेशींमध्ये वाय गुणसूत्र सापडलं, म्हणजे त्या भावाच्या. हाड बांधणाऱ्या पेशींमध्ये नाही, त्या तिच्याच. ऑस्टिओक्लास्ट रक्ताच्याच कुळातून जन्मतात हे माणसात असं डोळ्यांनी दिसलं. आज बोरीकाठ ताईंच्या बाळासाठी जो मार्ग आहे तो तिथूनच निघालाय.

स्पष्ट_बोलतो
डॉक्टर, पटलं. बोरीकाठ ताई, तुमच्या बहिणीला बोचेल असं लिहिलं. माफी असावी.

वनौषधी_यावल
हाड वितळवायला आमच्याकडे एक भस्म आहे, पाहिजे असल्यास निरोप करा.

बालरोग_धुळे
कृपया नको. ज्या बाळाच्या प्लेटलेट आधीच कमी आणि यकृत ताणलेलं आहे त्याला कुठलंही भस्म देऊ नये. गॅमा इंटरफेरॉन नावाचं इंजेक्शन अमेरिकेत २००० मध्ये या आजारासाठी मंजूर झालं, तेही आजाराचा वेग थोडा कमी करतं, बरा करत नाही. ट्रान्सप्लांट होईपर्यंत रक्त, संसर्गावर लक्ष, डोळे-कान-डोक्याची नियमित तपासणी, एवढंच हातात आहे. उपचार झाला नाही तर यातली बहुतेक मुलं पहिल्या दहा वर्षांच्या आत जातात.

पांझरा_थडी
ताई, आमना गावमा बी असाच एक पोऱ्या व्हता. डोकं मोठं, पोट मोठं, दिसे नही. लोके सांगेत बाहेरनं शे. दोन वरीसना व्हईसन गया. तवय कोनी फोटू काढा नही. तुमनं वाचीसन आते समजनं. तुमना भाचा बरा व्हवो.

बोरीकाठ
सगळ्यांना पुढचं कळवते. जनुकीय रिपोर्ट आला. टीसीआयआरजी-१. धुळ्याच्या डॉक्टरांच्या मते मॅरो ट्रान्सप्लांट उपयोगी पडण्यातला हा प्रकार आहे. केईएममध्ये नाव नोंदवलं. डोळ्यांच्या नसेची तपासणी झाली, डाव्या बाजूने फारच क्षीण, उजव्या बाजूने संदेश अजून पोचतोय. बाळाच्या तीन वर्षांच्या ताईचा आणि आई-वडिलांचा एचएलएचा नमुना दिलाय. रिपोर्ट यायचाय.

मेहुण्यांनी डॉक्टरांचा प्रतिसाद स्वतः सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्यानंतर बहिणीला कुणी काही बोललेलं नाही.

एक तातडीचं विचारायचंय. बाळाला दर काही आठवड्यांनी रक्त लागतंय. सासरचे सगळे दीर आणि माझा भाऊ रक्त द्यायला तयार आहेत, त्यातल्या दोघांचा गटही जुळतो. द्यावं ना?

बालरोग_धुळे
थांबा. ट्रान्सप्लांट व्हायचं असलेल्या बाळाला रक्ताच्या नात्यातल्या कुणाचंही रक्त थेट देऊ नका. आई, वडील, काका, मामा कुणाचंच नाही. बाळाचं शरीर नातेवाइकांच्या पेशींविरुद्ध तयार होऊन बसलं तर उद्या घरच्याच दात्याचा मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. रक्तपेढीतून बाहेरच्या दात्याचं, पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि किरण दिलेलं (इरॅडिएटेड) रक्त मागा. तुमच्या रक्तपेढीत ती सोय नसेल तर केईएमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. घरच्यांनी आपलं रक्त पेढीत बदली म्हणून जरूर द्यावं, ते दुसऱ्या रुग्णाला जाईल. बाळाच्या नावाने नको.

बोरीकाठ
बरं झालं विचारलं. उद्या सकाळीच भावाची पाळी होती. त्याला फोन केला, तो पेढीत बदली म्हणूनच देईल. बाळाचा गट बी पॉझिटिव्ह. बाहेरचे दाते लागतील.

जिभाऊ_शिंदखेडा
आमच्या गावातली बी पॉझिटिव्हची चार पोरं आहेत, तुमच्या नात्यातलं कुणी नाही. गाडी माझी. धुळ्याला यायचं की शिरपूरला, तेवढं रात्री नऊपर्यंत कळवा.